कारणाचा रकाना

भोपाळच्या पूर्वेकडील गोविंदपुरा हा भाग तलावांच्या आणि नवाबी वास्तूंच्या भोपाळशी फारसे नाते न सांगणारा, रुंद रस्त्यांचा आणि कारखान्यांच्या पाळ्यांवर जागणारा-झोपणारा असा आहे. आणि विजेच्या व्यवहाराविषयी ज्याला कुतूहल आहे अशा माणसाने देशातला एकच मोहल्ला पाहायचे ठरवले तर त्याने तो हाच पाहावा, असे येथील अनेक वर्षांच्या वास्तव्यानंतर मला वाटू लागले आहे. १९५६ साली ब्रिटनमधील एईआय कंपनीच्या साहाय्याने हेवी इलेक्ट्रिकल्स हा सरकारी कारखाना भोपाळात स्थापन झाला आणि पुढे तो ‘भेल’मध्ये विलीन झाला, त्याच्या नोकरीपायी कितीतरी मराठी कुटुंबे पिपलानी-बरखेड्याच्या वसाहतींत येऊन कायमची भोपाळकर झाली. आजही तेथून घराएवढी अजस्र रोहित्रे तयार होऊन देशभर जातात. १९६० साली जन्मलेल्या केंद्रीय विद्युत अनुसंधान संस्थानाची भोपाळ शाखाही याच परिसरात आहे, आणि रोहित्राच्या नव्या नमुन्याने शॉर्टसर्किटचा तडाखा सोसला की नाही, याचा निवाडा तेथे होतो. भोपाळ आणि ग्वाल्हेर बाजूंच्या जिल्ह्यांना वीज पुरवणाऱ्या मध्य क्षेत्र विद्युत वितरण कंपनीचे मुख्य दफ्तरही येथेच. म्हणजे रोहित्र घडवणारा, त्याची परीक्षा घेणारा आणि ते वापरणारा, असे तिघेही एकमेकांचे शेजारी आहेत.

या तिघा तालेवारांच्या आसपास आणखी एक स्थान असते, त्याची पाटीही धड वाचता येत नाही. पत्र्याच्या छपराखाली, तेलाने काळ्या झालेल्या जमिनीवर, साखळी-कप्पीच्या आधाराने जेथे जळालेली रोहित्रे उघडली जातात तो दुरुस्तीचा कारखाना. गेल्या पौषात मी अशाच एका कारखान्यात काही तास घालवले. निमित्त साधे होते: सीहोर बाजूला शेती असलेल्या एका स्नेह्याच्या शिवारातील डीपी, म्हणजे शंभर केव्हीएचे वितरण-रोहित्र, गव्हाला पाणी देण्याच्या ऐन दिवसांत जळाले होते, दुसरे येईपर्यंत पिकाने तहान सोसली होती, आणि जळालेले नेमके कशाने जळाले हे कोणीच सांगत नाही अशी त्यांची तक्रार होती. रोहित्राचा माग काढत आम्ही त्या छपराखाली पोहोचलो तेव्हा झाकणाचे बोल्ट निघाले होते आणि मिस्त्री साखळी ओढत होता.

गाभा टाकीबाहेर आला. तेल निथळले. गाभ्याच्या तिन्ही खांबांवरच्या कॉइली वरच्या बाजूला वीतभर कोळसा झाल्या होत्या. कागद बोट लावताच राखेसारखा सुटत होता. परंतु त्याखाली, एका आडव्या रेषेपासून पुढे, तोच कागद तपकिरी असला तरी शाबूत होता आणि नखाने ओढला असता फाटण्याआधी ताणला जात होता. मिस्त्रीने त्या रेषेवर बोट ठेवले आणि म्हणाला, “तेल यहीं तक था, बाबूजी.” मग त्याने टाकीला वळसा घालून लघुदाब बाजूच्या बुशिंगखालचा भाग दाखवला: गॅस्केटमधून पाझरलेल्या तेलावर धूळ बसून तेथे एक जाड, काळा, वाळलेला ओघळ तयार झाला होता, आणि त्याची जाडी पाहता तो काही एका आठवड्याचा नव्हता. एवढे सांगून त्याने छिन्नी उचलली. अर्ध्या तासात तिन्ही खांब मोकळे झाले, जळकी तार भंगाराच्या ढिगावर गेली, आणि आम्ही बाहेरच्या टेबलाशी आलो तेव्हा कारकुनाच्या नोंदवहीत, ‘बिघाडाचे कारण’ या मथळ्याच्या दीड इंची रकान्यात, रोहित्राबरोबर आलेल्या कागदावरून उतरवलेला एकच शब्द होता: ओव्हरलोड.

तो शब्द खोटा नव्हता. रब्बीच्या हंगामात या डीपीवर पंपांचा भार वाढतो हे सत्य आहे. मध्य प्रदेशात विजेच्या मागणीचा कळस उन्हाळ्यात नव्हे तर बहुधा थंडीत, गव्हाच्या पाण्याच्या दिवसांत येतो. माझा आक्षेप असा आहे की खरे असूनही ते कारण नव्हे. आणि खरे विधान व कारण यांतला हा भेद आपल्या व्यवहारातून पुसला गेल्यामुळे आपण हजारो रोहित्रे जाळतो, दुरुस्त करतो आणि पुन्हा जाळतो.

आपल्या नैयायिकांनी या प्रश्नाचा जो कीस काढला आहे तो आजच्या अभियंत्यांनी एकदा तरी नजरेखाली घालावा. घटाचे कारण काय, असा त्यांचा नित्याचा प्रश्न. माती हे कारण, चाक आणि दंड हे कारण, कुंभार हे कारण. परंतु ज्या गाढवाच्या पाठीवरून माती आली ते गाढव, किंवा ज्याच्यावाचून कुंभारच जन्मला नसता तो कुंभाराचा बाप, यांना त्यांनी कारणांच्या पंगतीतून उठवले आणि ‘अन्यथासिद्ध’ म्हणून बाजूला बसवले. घटापूर्वी ती असतात यात वाद नाही. पण केवळ पूर्वी असणे म्हणजे कारण असणे नव्हे. याची कसोटी अन्वय आणि व्यतिरेक ही: जेथे ते आहे तेथे कार्य घडते काय, आणि जेथे ते नाही तेथे कार्य टळते काय? ही कसोटी आमच्या डीपीला लावून पाहा. त्याच फीडरवर, त्याच गावच्या शिवारात, तितक्याच पंपांचे ओझे वाहणाऱ्या आणखी दोन डीपी पौषभर सुखरूप होत्या. भार तिन्हींवर, नाश एकीचा. शिवाय पौषातल्या रात्री हवा थंड असते, आणि थंडी रोहित्राला जास्तीचा भार वाहण्याची सवलतच देते. ओव्हरलोड हे गाढव आहे असे मी म्हणत नाही. ती माती तरी नक्कीच आहे. परंतु माती सगळीकडे होती आणि घट एकाच ठिकाणी फुटला.

जळालेले रोहित्र म्हणजे एक दस्तऐवज आहे, आणि ज्याला लिपी येते त्याला तो पुष्कळसा वाचता येतो. दीर्घकाळच्या जास्त भाराने मेलेल्या रोहित्राचा कागद वरपासून खालपर्यंत, आतपासून बाहेरपर्यंत सगळाच करपलेला असतो, कारण उष्णतेने त्याला एका रात्रीत नव्हे तर महिनोन्‌महिने शिजवलेले असते. माँटसिंगर या अमेरिकन अभियंत्याने १९३०च्या सुमारास असे मांडले की तापमान साधारण ८ अंशांनी वाढले म्हणजे या निरोधनाचे आयुष्य निम्मे होते. पुढे जाणकारांनी तो आकडा ६वर आणला. म्हणजे १८ अंशांची वाढ आयुष्याचा अष्टमांश शिल्लक ठेवते. शॉर्टसर्किटने मेलेल्याची लक्षणे वेगळी. शंभर केव्हीएच्या रोहित्रातून लघुदाब बाजूस पूर्ण भाराला सुमारे १३३ अँपियर वाहतात. डीपीच्या खांबालगत बाहेरच्या दोन तारा एकमेकींना भिडल्या तर, प्रतिबाधा साडेचार टक्के धरता, हाच प्रवाह बावीस पटींवर उसळतो, आणि कॉइलीवरचे यांत्रिक बल प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ते जवळजवळ पाचशे पटींनी वाढते. अशा रोहित्रात आतली कॉइल गाभ्याकडे चेपलेली, बाहेरची फुगलेली, ठोकळे सरकलेले आढळतात, आणि पुष्कळदा कागद मात्र नव्यासारखा गोरा असतो. आकाशातली वीज आणखी निराळी सही करते: उच्चदाबाच्या तारेकडून आत शिरताना पहिले काही वेटोळे ती फोडते आणि उरलेल्या गुंडाळीला हातही लावत नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला गंज आणि टाकीच्या तळाशी पाणी दिसले तर ओलाव्याची वाट शोधावी. ब्रीदरमधील निळे सिलिका जेल गुलाबी होऊन किती दिवस झाले हे कोणी पाहिले होते काय, असे विचारावे. गाभ्याचा एकच खांब जळाला आणि दोन शाबूत राहिले तर एकाच फेजवर सगळा गाव लादला होता काय, ते तपासावे. आणि कोळशाची सीमा आडव्या रेषेत थांबली असेल तर तेलाची पातळी कोठे होती, हे मिस्त्रीने मला बोटाने दाखवलेच.

ही लिपी अनुसंधान संस्थानात नित्य वाचली जाते. नव्या नमुन्यावर शॉर्टसर्किटची परीक्षा झाली की रोहित्र टाकीबाहेर काढून त्याची प्रत्येक कॉइल न्याहाळली जाते, प्रतिबाधा पूर्वीपेक्षा किती बदलली हे मोजले जाते, सरकलेल्या ठोकळ्याचीही नोंद होते. तसेच ‘भेल’मधून निघणाऱ्या महाकाय रोहित्रांचे. त्यांच्या तेलातील वायूंची तपासणी एखाद्या श्रीमंत रोग्याच्या रक्ततपासणीसारखी वेळोवेळी होते. अॅसिटिलीन दिसला तर आत कोठेतरी ठिणगी पडते आहे, कार्बन मोनॉक्साइड वाढला तर कागद जळतो आहे, असे निदान जिवंतपणीच होते, आणि कॅनडातील मिशेल दुव्हाल यांचा दोषनिदानाचा त्रिकोण पुढे ठेवून अभियंते त्यावर तासन्‌तास वाद घालतात. खांबावरच्या गरीब रोहित्राच्या वाट्याला जिवंतपणी रक्ततपासणी नाही, आणि मेल्यावर शवविच्छेदनही नाही. त्याच्या वाट्याला छिन्नी. ज्याला अजून कोणी मारलेले नाही त्या नमुन्याची चौकशी इतक्या अदबीने होते आणि जो शेतात खरोखर मेला त्याचा पुरावा अर्ध्या तासात भंगारात जातो. या दोन जागा एकाच वस्तीत आहेत, ही गोष्ट मला कधी हसू आणते, कधी राग.

असे का होते? अज्ञानाने, हे उत्तर मी स्वीकारत नाही. मिस्त्रीला सगळे ठाऊक होते. खरी मेख अशी आहे की आपल्या दफ्तरांत ‘कारण’ या शब्दाचा अर्थ ‘कसूर’ असा होऊन बसला आहे. तेल कमी होते असे लिहिले की लाइनमनकडे कैफियत मागितली जाणार, आणि त्या बिचाऱ्याकडे इतकी गावे असतात की प्रत्येक डीपीखाली उभे राहून मान वर करायलाही त्याला फुरसत नाही. फ्यूजच्या जागी जाड तार बांधली होती असे लिहिले तर ती कोणी बांधली हा प्रश्न, आणि त्याचे उत्तर साऱ्या गावाला ठाऊक असून कोणीच रुजू करणार नाही. तार हलकी, कॉइल नीट दाबलेली नाही, भट्टीत पुरती वाळवलेली नाही असे लिहिले तर पुरवठादाराशी पत्रव्यवहार, आणि हमीची मुदत उरलेली नसेल तर त्या पत्रव्यवहाराला अर्थच नाही. मुदत असते तोपर्यंत उभयपक्षांच्या सह्यांनिशी पंचनामा होऊ शकतो. मुदत सरली की कोणालाच जिज्ञासा उरत नाही. म्हणजे चौकशी व्हायची ती पैसा कोणी द्यायचा एवढ्यासाठी. उरलेले दोन शब्द मात्र निरुपद्रवी आहेत. ‘तडिताघात’ म्हटले की दोष देवाचा, आणि ‘ओव्हरलोड’ म्हटले की दोष निनावी ग्राहकांचा. ज्या शब्दाने एकही कागद पुढे सरकत नाही तोच शब्द रकान्यात बसतो.

आता तडिताघाताचेच पाहू. वीज पडून होणाऱ्या मृत्यूंत मध्य प्रदेशाचे नाव देशात वारंवार अग्रभागी असते, तेव्हा येथे रोहित्रांवर वीज पडत नाही असे कोण म्हणेल? परंतु रोहित्राजवळ तडितरोधक बसवलेला असतो तो आलेली वीज जमिनीत उतरवण्यासाठी, आणि ती उतरायची तर अर्थिंगचा खड्डा जिवंत असावा लागतो. माळव्याच्या काळ्या मातीचा स्वभाव ज्याला माहीत आहे त्याला पुढचे सांगायला नको: वैशाख-ज्येष्ठात ती भेगाळते, सळईपासून सुटते, आणि मीठ-कोळशाच्या खड्ड्यात पाणी ओतण्याचा जुना शिरस्ता पाळला गेला नसेल तर जमिनीचा रोध कितीतरी वाढतो. वळवाचा पहिला गडगडाट होतो तो नेमका याच दिवसांत, माती सर्वांत कोरडी असताना. विजेला जमिनीची वाट सापडत नाही, म्हणून ती कॉइलीची वाट धरते. याला दैवी आपत्ती म्हणावे की दोन बादल्या पाण्याची गोष्ट म्हणावी?

चुकीच्या कारणाचे दुष्परिणाम नोंदवहीपुरते राहत नाहीत, कारण कारणामागून उपाय येतो. ओव्हरलोड लिहिले की ६३ केव्हीएच्या जागी १०० केव्हीएचे रोहित्र बसवण्याची दरखास्त होते. ती मंजूर झाली तर शेतकरी खूष, अधिकारी खूष, पुरवठादार तर विशेषच खूष. पण सैल लोंबणाऱ्या तारा त्याच असतात, जाड फ्यूज तोच असतो, वीज परत येताक्षणी सगळे पंप एकदम ओढून सुरू करणारे ऑटोस्टार्टर तेच असतात. आणि मोठ्या रोहित्रामागे तारा भिडल्या तर प्रवाह पूर्वीपेक्षा दीडपटीहून अधिक उसळतो. गॅस्केट नव्या टाकीचेही काही वर्षांत पाझरणारच. ज्याला चार रुपयांचे रबर हवे होते त्याला आपण मोठे शरीर दिले.

वैद्यकाने ही अडचण पूर्वीच ओळखली. ‘हृदयक्रिया बंद पडल्याने मृत्यू’ हे वाक्य आपण वर्तमानपत्रांत रोज वाचतो, आणि ते प्रत्येक मृताविषयी खरे असल्यामुळे कोणाविषयीच काही सांगत नाही. म्हणून मृत्यूच्या वैद्यकीय दाखल्यात एक ओळ नसते; निकटचे कारण, ते कशामुळे, आणि तेही कशामुळे, अशा उतरत्या पायऱ्या असतात, आणि ज्याने हातभार लावला पण साखळीत जो बसत नाही त्या विकारासाठी वेगळी जागा असते. आमच्या डीपीचा दाखला तसा लिहिला असता तर: कॉइलीचा वरचा भाग जळाला; तो तेलाबाहेर उघडा पडल्यामुळे; तेल महिनोन्‌महिने पाझरल्यामुळे; गॅस्केट कुजल्यामुळे. आणि खालच्या वेगळ्या जागेत, हातभार लावणारा म्हणून, ओव्हरलोड. तो शब्द हद्दपार करण्याचे कारण नाही, त्याला त्याच्या जागी बसवायचे आहे.

भोपाळात बसून कारणमीमांसेवर लिहिताना एका रात्रीचा उल्लेख टाळणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. तुलना प्रमाणाबाहेरची आहे हे मान्य करूनच तो करतो. १९८४च्या डिसेंबरातील २ आणि ३ तारखांमधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले, विषारी वायू बाहेर पडला, आणि पुढे जे घडले ते जगाला ठाऊक आहे. कंपनीने नंतर अशी बाजू मांडली की एका असंतुष्ट कामगाराने ते पाणी मुद्दाम घातले. ते पाणी कोणाच्या हातून गेले, या प्रश्नावर किती शाई खर्च झाली! परंतु शीतनयंत्र बंद का होते, वायू जाळून टाकणारा मनोरा कामातून का गेला होता, आणि इतके विष एका जागी साठवून का ठेवले होते, हे प्रश्न त्या हाताची ओळख पटली तरी आणि न पटली तरी तसेच उभे राहतात. कारण म्हणजे गुन्हेगार, असे समीकरण एकदा मनात बसले की गुन्हेगार सापडेपर्यंत किंवा कल्पिला जाईपर्यंत शोध चालतो, आणि नेमका तेथेच थांबतो. ही खोड लहान दफ्तरात आणि मोठ्या दफ्तरात सारखीच आहे.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. गव्हाला पहिले पाणी पेरणीपासून तीन आठवड्यांच्या आसपास, मुकुटमुळे फुटताना मिळाले नाही तर उतारा घटतो. शहरात परीक्षेच्या दिवसांत दिवे गेले तर लोक दफ्तरावर चालून येतात. अशा वेळी अंधारात उभ्या असलेल्या माणसाला न्यायशास्त्र काय सांगता? काही सांगू नये, हेच बरोबर. रोहित्र आधी बदलावे. पण बदललेले रोहित्र बदलल्यावर कोठेही पळून जात नाही. ते दुरुस्तीच्या छपराखाली दिवसेंदिवस, कधी आठवडेच्या आठवडे, पाळीची वाट पाहत पडून असते. छिन्नी चालण्यापूर्वीचे दहा मिनिटांचे निरीक्षण, चार छायाचित्रे आणि तेलाची एक बाटली यांनी कोणाच्या शिवारातला अंधार लांबत नाही.

दुसरा आक्षेप नव्या काळाचा आहे: २०२१ साली केंद्राने मंजूर केलेल्या वितरण-सुधारणा योजनेत फीडरवर आणि रोहित्रांवरही मीटर बसवण्याची तरतूद आहे, तेव्हा आता यंत्रच सगळे सांगेल. मीटर पुष्कळ सांगेल, आणि ओव्हरलोड या शब्दाची पहिली खरी परीक्षा त्याच्याकडूनच होईल; किती रोहित्रे खरोखर जास्त भाराने मेली आणि किती जणांच्या माथी तो नुसता मारला गेला, याचा हिशेब अखेर मांडता येईल. परंतु बुशिंगखालचा वाळलेला ओघळ साध्या मीटरला दिसत नाही. तो मान वर करणाऱ्या माणसालाच दिसतो.

तेव्हा ज्यांच्या हाती या नोंदवह्या छापून घेण्याचा अधिकार आहे त्यांना माझी विनंती फार मोठी नाही. तो दीड इंचाचा रकाना पानभर करावा. त्यात पहिली सही मिस्त्रीची घ्यावी, कारण रोहित्राचे अंतरंग त्याने पाहिलेले असते आणि साहेबाने पाहिलेले नसते. त्यात लिहिलेल्या मजकुरावरून कोणाकडेही कैफियत मागितली जाणार नाही असा हुकूम काढावा, आणि कसुराची चौकशी व्हायचीच असेल तर ती वेगळ्या फायलीत व्हावी. आणि जेथे पाहूनही उलगडा झाला नाही तेथे ‘समजले नाही’ असे लिहिण्याची मुभा असावी. त्या दिवशी त्या नोंदवहीची मागची चाळीसेक पाने मी उलटली होती. हे दोन शब्द त्यांत एकदाही आढळले नाहीत.